दुरुस्ती ज्याची त्यानं लिहायची

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजेच आपल्या वृत्तपत्राचे संचालक महोदय. व्यासपीठाची शोभा वाढवणारे प्रमुख पाहुणे, शहराचे प्रथम नागरिक माननीय महापौर. आजच्या सत्कारमूर्ती, ज्यांना आपण सगळे नुसतं ‘बाई’ म्हणतो. त्यांचे यजमान आणि सूनबाई. छपाई, वितरण, जाहिरात आणि संपादन विभागातले माझे सहकारी. आणि समोरच्या कॅमेऱ्यातून हा सोहळा थेट बघणारे आपले ऑनलाइन वाचक, सर्वांना माझा नमस्कार.

मला सात मिनिटं दिली आहेत. व्यवस्थापकांनी भाषण कालच वाचून घेतलं, दोन विशेषणं वाढवली आणि ‘छान झालंय’ म्हणून परत दिलं. ते इथे माझ्या खिशात आहे. मघाशी महापौरांच्या हस्ते बाईंना दिलेलं मानपत्रही मीच लिहिलं आहे. त्यात शुद्धलेखनाची एकही चूक नाही. ‘स्वेच्छेने निवृत्त होत आहेत’ हे वाक्य मात्र मला आत्ता खाली बसल्या बसल्या फार टोचलं, म्हणून खिशातलं भाषण खिशातच राहू द्यावं म्हणतो. अध्यक्ष महोदय, राग नसावा.

मी ऑनलाइन आवृत्तीचा संपादक. बाई मला ‘घाईराव’ म्हणतात. का, ते माझ्या विभागाला विचारा. बातमी शिजायच्या आत ताटात वाढणारा माणूस अशी माझी ख्याती आहे.

आणि बाईंचं टेबल दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला लागून. वर पाटी, ‘पडताळणी’. सव्वीस वर्षं त्या तिथे बसल्या. दुसऱ्या पानावरची ‘दुरुस्ती’ची चौकट त्यांची. गेली सहा वर्षं समाजमाध्यमांवर फिरणाऱ्या गोष्टींवर ‘खरं’, ‘दिशाभूल’ किंवा ‘बनावट’ यांतला एक शिक्का मारायचं कामही त्यांच्याकडे आलं. कितीही नवी यंत्रं आली, तरी टेबलावरचा वायरीचा फोन त्यांनी हलवू दिला नाही. आपण धावत बातमी घेऊन जायचो आणि बाई मान वर न करता विचारायच्या, ‘फोन लावला का?’

इथे बसलेल्या प्रत्येकानं हा प्रश्न ऐकलाय. एकदा एका निवृत्त मुख्याध्यापकांच्या निधनाची बातमी आली होती. फोटो आला, कारकीर्द आली, मजकूर पानात लागलाही. बाईंनी वय नक्की करायला घरी फोन लावला. पलीकडून आवाज आला, ‘वय ब्याऐंशी लिहिलंत का? त्र्याऐंशी करा. आणि मी अजून आहे.’ (हसा, हसा. पुढे हसण्यासारखं फारसं नाही.)

सात आठवड्यांपूर्वीची गोष्ट. ती तुम्हा सगळ्यांना अर्धी ठाऊक आहे. शहराच्या जलशुद्धीकरण केंद्रात नवी स्वयंचलित यंत्रणा बसली. तिचं उद्घाटन माननीय महापौरांनीच केलं होतं. तिथल्या एका ऑपरेटरनं, सतरा वर्षं त्या पंपांवर काम केलेल्या माणसानं, चाळीस सेकंदांचा व्हिडिओ टाकला. हातात काचेचा पेला, पेल्यात गढूळ पाणी, आणि मागे पडद्यावर हिरवी खूण, ‘पाणी शुद्ध’. बस्स, एवढंच.

मग काय झालं? जे नेहमी होतं तेच. दुपारपर्यंत तीन तट पडले. एक म्हणे, यंत्रणा कुचकामी. दुसरा म्हणे, निवडणुकीच्या तोंडावरचा डाव. तिसरा तंत्रज्ञान कळणाऱ्यांचा. त्यांनी व्हिडिओ थांबवला, मोठा केला, पेला धरलेल्या हाताभोवती लाल वर्तुळ काढलं आणि खाली दोनच शब्द लिहिले, ‘बोटं मोजा’.

मोजली लोकांनी. सहा भरली.

यंत्राला सांगून काढवलेल्या चित्रात बोटांचा घोळ होतो, हे आता शेंबडं पोरही सांगेल. तासाभरात चार हजार लोक त्या हाताला हसले. आमच्याकडच्या तपासणीच्या सॉफ्टवेअरनं सांगितलं, संशय एक्क्याऐंशी टक्के. आणि ते तपासत होतं फिरत फिरत आलेली, दहा वेळा दाबून लहान झालेली प्रत. मूळ व्हिडिओ कुणी मागवलाच नव्हता. तेवढ्यात महापौरांच्या कार्यालयातून विचारणा आली, ‘तुमचं काय म्हणणं आहे?’ विचारणाच होती, दबाव नव्हता. महापौर साहेब समोर आहेत, म्हणून मुद्दाम नमूद करतो.

ही पहिली चिठ्ठी आली. ‘वेळ.’ धन्यवाद, व्यवस्थापक. मला कल्पना आहे.

त्या दुपारी बाई जागेवर नव्हत्या. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या होत्या. डोळ्यांत थेंब घातलेले, त्यामुळे त्यांना पडदा दिसणं शक्यच नव्हतं. पण कानावर गेलं असणार. दवाखान्याच्या बाकावरून त्यांनी मला फोन केला आणि विचारलं, ‘घाईराव, त्या माणसाला फोन लावला का?’

ऑपरेटरचा नंबर माझ्यासमोर कागदावर लिहिलेला होता. आणि दुसऱ्या एका संकेतस्थळाचा शिक्का पाच मिनिटांत पडणार, अशीही खबर होती.

मी म्हणालो, ‘लावला, बाई. उचलत नाहीयेत.’

मित्रहो, मी फोन लावला नव्हता.

मी जिना चढलो, बाईंच्या संगणकापाशी बसलो. पासवर्ड पडद्याच्या कडेला चिठ्ठीवर चिकटवलेला. टेबल बाईंचं, प्रवेश बाईंच्या नावाचा, आणि घाईच्या वेळी सगळे तोच वापरणार, ही आपली पद्धत. मी ‘बनावट’चा शिक्का मारला. प्रतिस्पर्ध्याच्या आधी चार मिनिटं. दोन लाख लोकांनी तो पाहिला. संध्याकाळच्या सभेत महापौरांनी मोठ्या पडद्यावर दाखवला. तिसऱ्या दिवशी ऑपरेटर निलंबित झाला, ‘खोटी चित्रफीत पसरवून घबराट निर्माण केली’ म्हणून. पाणी खरंच तसं होतं की नव्हतं, हे मला आजही ठाऊक नाही. चित्रच खोटं ठरल्यावर पाणी तपासायला जातंय कोण?

बाई गेल्या. त्याच्या घरी, काळा चष्मा लावून, तीन जिने चढून. पुढचं मला त्यांनीच सांगितलं. त्यानं दार उघडलं, पण उजवा हात खिशातून काढला नाही. चहा दिला तोही डाव्या हातानं. बाईंनी सरळ विचारलं. तेव्हा त्यानं हात टेबलावर ठेवला. करंगळीला लागून सहावं बोट. जन्मापासूनचं.

तो म्हणाला, ‘बाई, शाळेत पोरं चिडवायची तेव्हापासून हा हात मी लोकांसमोर काढत नाही. त्या दिवशी विसरलो. पाण्याकडं बघत होतो, हाताकडं लक्षच गेलं नाही.’

मग त्यानं आपला मोबाइल बाईंपुढे धरला. आलेल्या फोनची यादी. नातेवाईक, सहकारी, शिव्या देणारे अनोळखी नंबर. आपल्या कार्यालयातून एकही नाही. म्हणजे मी खोटं बोललो, हे बाईंना त्याच दिवशी कळलं होतं.

दुसरी चिठ्ठी. ‘आवरा.’ आवरतो. फक्त आमच्या कॅमेरावाल्या मित्राबद्दल एक विनंती. त्याला कुणीतरी कोपऱ्यातून खुणा करतंय आणि तो मघापासून छताकडे इतक्या भक्तिभावानं बघतोय, की त्याला तसंच बघत राहू द्यावं. इथे माझ्यासमोरच्या पडद्यावर प्रेक्षकांचा आकडा दिसतो. सुरुवातीला तीनशे होते. आता अकरा हजार आहेत.

बाईंनी परत येऊन दुरुस्ती लिहिली. त्यांची पद्धत तुम्हाला माहीत आहे, तीन ओळींची. काय चुकलं. खरं काय. चूक कुणाची आणि कशी झाली. दोन ओळी त्यांनी लिहिल्या आणि तिसरी कोरी ठेवली.

ती दुरुस्ती छापली गेली नाही. संचालकांच्या दालनात बैठक झाली. बाई, व्यवस्थापक, मी. बाईंना सांगण्यात आलं, ‘नोंद तुमच्या नावावर आहे. दुरुस्ती गेली तर तिसऱ्या ओळीत तुमचं नाव जाईल.’ बाई म्हणाल्या, ‘माझ्या टेबलावरून गेलं. घाला माझं नाव, पण छापा.’ त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आणि मी? मी कोपऱ्यातल्या प्लॅस्टिकच्या झाडाची पानं मोजत बसलो होतो. लाज वाटते सांगायला. ‘निवडणुकीनंतर बघू’ असं ठरलं. बाई ऐकेनात. पंधरा दिवसांत त्यांच्या ‘स्वेच्छानिवृत्ती’चं पत्र तयार झालं, मुदतीच्या वर्षभर आधी. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं.

बाहेर जिन्यात मी त्यांना गाठलं होतं. म्हटलं, ‘बाई, तुम्ही माझं नाव का घेतलं नाहीत?’

त्या म्हणाल्या, ‘दुरुस्ती ज्याची त्यानं लिहायची असते, घाईराव. मी लिहिली तर ती चहाडी होईल.’

मी पाच आठवडे ती लिहिली नाही. रोज सकाळी लिहायचं ठरवायचो. घरी बायको विचारायची, ‘जेवत का नाही नीट?’ मी म्हणायचो, काम फार आहे.

परवा, सोमवारी, त्या ऑपरेटरची अंतिम सुनावणी आहे. नोकरी राहते की जाते, त्याचा निकाल. त्याच्याविरुद्धच्या फाइलीत पहिला कागद आपल्या शिक्क्याचा आहे. दुसरा पुरावाच नाही. आजचा कार्यक्रम संपल्यावर बाईंचं टेबल रिकामं होईल, मग कुणी विचारणारही नाही. म्हणून आज, आणि म्हणून कॅमेऱ्यासमोर. ‘आपल्या पानावरून थेट’ गेलेलं सगळं आपलं प्रकाशनच धरलं जातं, असा नियम व्यवस्थापकांनीच काढला आहे. तेव्हा वाचतो.

‘दुरुस्ती. जलशुद्धीकरण केंद्रातील चित्रफितीवर या वृत्तपत्रानं मारलेला “बनावट” हा शिक्का चुकीचा होता. चित्रफीत खरी आहे आणि ती काढणाऱ्याच्या हाताला जन्मतः सहा बोटं आहेत. हा शिक्का पडताळणी विभागाच्या प्रमुखांनी नव्हे, तर ऑनलाइन संपादकानं नजरचुकीनं…’

काय म्हणालात, बाई?

माईक नाही त्यांच्याकडे. मी सांगतो. त्या म्हणाल्या, ‘नजरचूक काढा.’

सत्कारमूर्तीनं मधे बोलायचं नसतं, बाई. पण काढतो. तुमचं बरोबर आहे. नजर ठीक होती. थेंब तुमच्या डोळ्यांत होते, माझ्या नव्हे. पुन्हा वाचतो. ‘हा शिक्का ऑनलाइन संपादकानं मारला. संबंधिताला फोन न लावता मारला, आणि फोन लावल्याचं खोटं सांगितलं.’ खाली माझी सही आहे. हा कागद सोमवारच्या सुनावणीत मी स्वतः घेऊन जाणार आहे. सोमवारनंतर मला या इमारतीत प्रवेश असेल-नसेल, तो अध्यक्षांचा अधिकार आहे.

आता रीतीप्रमाणे समारोप. संयोजकांचे, ध्वनियोजना पाहणाऱ्यांचे आभार. माईक अजून चालू आहे म्हणून त्यांचे जरा जास्त आभार. माननीय महापौर वेळात वेळ काढून बसून राहिले, त्यांचेही. बाईंच्या यजमानांचे आभार. त्यांना गेल्या महिन्यात घरात काय ऐकावं लागलं असेल, याचा अंदाज आहे.

शेवटी ‘बोलण्यात काही चुकलं असल्यास क्षमा असावी’ असं म्हणायचं असतं. ते वाक्य बाईंच्या टेबलावरून कधी पास झालं नाही. त्या विचारायच्या, ‘असल्यास म्हणजे? चुकलं की नाही ते तुम्हाला माहीत नाही?’ मला माहीत आहे, आणि कुणाची क्षमा मागायची तेही माहीत आहे. बाई, तुमची मागतो. दुसरा माणूस इथेच आहे. दाराजवळच्या शेवटच्या रांगेत. बाईंनी त्यांना बोलावलंय. कृपया कुणी मागे वळून बघू नका. त्यांना खूप लोकांनी बघून झालंय.

तो नंबराचा कागद मी फेकला नव्हता. हा बघा. दोन मिनिटं द्या, हा माझा फोन.

लावतोय.

वाजतोय. मागून ऐकू येतंय तुम्हाला.

उचलला, बाई. उजव्या हातानं. ‘बोला’ म्हणताहेत.