घरचं विरजण

बसा मंडळी, सावकाश बसा. मागून आलेल्यांना जागा द्या. माझा आवाज मुळात बारीक, त्यात आज उपास. तेव्हा तुम्हीच जरा पुढे सरका. बुक्का लागला सगळ्यांना? मग एक विचारते. उत्तर मनाशीच द्या, शेजारणीला सांगू नका.

आपल्याला सुख मिळतच नाही, असं आहे का? मिळतं की. लेकीचं लग्न ठरतं, आंब्याला मोहोर येतो, एखादा दिवस गुडघा दुखत नाही. इथं भजनाला बसलं की किती हलकं वाटतं! मग ते टिकत का नाही? इथून निघतो आणि घराची पायरी चढेपर्यंत कपाळाला आठी. चपला सापडल्या नाहीत, तर आठी इथंच.

ऐका तर. आंबेखोल नावाचं गाव. तिथं द्वारकाबाई. यजमान मागेच गेलेले. घरात मुलगा मोरेश्वर आणि सून शैला. द्वारकाबाई मनानं वाईट नव्हेत हो. पण जीभ म्हणजे फोडणीतली मोहरी — कधी कुणाच्या अंगावर उडेल, नेम नाही. आणि भक्ती? गावात पारायण असो, कीर्तन असो, पुढची सतरंजी त्यांची. परतताना चेहरा कसा, नुकत्याच लावलेल्या समईसारखा. सकाळी शैलाच्या हातून चहात साखर कमी पडली, की समई शांत.

हसताय? तुमच्याकडे साखर रोज बरोबर पडते वाटतं?

तर मोरेश्वरची नोकरी तालुक्याला. रोजची एसटी. तिथं एक खोली चालून आली. शैला नवऱ्याला हळूच म्हणाली, "घेऊन टाकू या. आईंपुढे मला भीतीच वाटत राहते हो." द्वारकाबाई माजघरात होत्या, त्यांनी ऐकलं. ही दोघं गेली तर आपल्याला उरलं काय? त्यांनी ठरवलं, उद्यापासून तोंडातून वावगा शब्द काढायचा नाही. ठरवलं रात्री; सकाळी दूध उतू गेलं.

अशात त्यांच्या वन्सं आल्या राहायला. नवऱ्याची थोरली बहीण, गंगूताई. तरुणपणीच कुंकू गेलं, पोटी मूल नाही. पण बाई कशी, ताज्या ताकासारखी. पहाटे उठायच्या, भिंतीशी बसायच्या, ओठ हलतायत न हलतायत असं नाम घ्यायच्या. मग दिवसभर कुणी काही बोलो, कपाळाला आठी म्हणून नाही.

द्वारकाबाईंनी न राहवून विचारलं, "वन्सं, तुम्ही कुणाच्या कीर्तनाला जाता हो? मी सगळीकडे जाऊन पाहिलं. माझं समाधान दुपारपर्यंतसुद्धा पुरत नाही."

वन्सं म्हणाल्या, "ते सांगते सावकाश. आज मला तुझ्या हातची कढी खायची होती, पण दही संपलं म्हणे. उद्या कर."

दही संपलं होतंच. त्या घरात ते रोज संपायचं. मोरेश्वरला दह्याची भारी आवड. भांडं असं निपटायचा की घासायचं काम उरू नये. आणि संध्याकाळी दूध कोमट झालं, की द्वारकाबाई वाटी घेऊन शेजारच्या यमूताईंच्या दारात. "जरा विरजण घाल गं." वर्षानुवर्षं हाच क्रम.

त्या दिवशी मात्र देवळात भजन रंगलं आणि द्वारकाबाईंना उशीर झाला. वाटी घेऊन गेल्या, तर यमूताई तुळशीपाशी दिवा लावून वळत होत्या.

"द्वारकावहिनी, दिवे लागले. आता घरातलं दही बाहेर जात नाही. माहीत नाही का तुम्हाला?"

"अगं, चमचाभर तर हवंय."

"चमचाभर असो नाही तर हंडाभर. आणि वहिनी, रागावू नका, तुमच्या गोठ्यात दोन म्हशी, माझ्याकडे विकतचं दूध. विरजण मात्र माझ्याकडून?"

लागलं हो ते! द्वारकाबाई तणतणत घरी आल्या आणि सगळा राग शैलावर. "वाढताना कळत नाही? भांडं खरवडून वाढायचं? माहेरी हेच शिकवलं?" शैलानं पदराला हात पुसले. आत गेली आणि नवऱ्याला एवढंच म्हणाली, "खोलीला हो म्हणून सांगा."

द्वारकाबाई मटकन पाटावर बसल्या. "वन्सं, पाहिलंत ना? आत्ता भजनातून आले होते हो मी."

वन्सं जवळ सरकल्या. "द्वारके, यमू बरोबर बोलली. दूध तुझं, भांडं तुझं, ऊबही तुझ्या चुलीची. फक्त वाढण्याआधी चमचाभर दही बाजूला काढलं असतंस, तर दारोदार वाटी फिरवावी लागली नसती. सुखाचं तेच केलंस. देवळातून मागून आणतेस आणि दुपारपर्यंत निपटून मोकळी होतेस. सकाळी सगळं मन घराला वाढून टाकायच्या आधी चमचाभर तू देवासाठी बाजूला काढ. चूल पेटायच्या आधी बस. नाम घे. बस्स."

दुसऱ्या दिवशी बसल्या द्वारकाबाई. जरा नाम घेतलं, एक डोळा उघडला. "वन्सं, शांती अजून आली नाही."

"दही लागलं का, ते बोट घालून बघतेस का गं?"

"नाही."

"मग मिट डोळे."

वन्सं परत गेल्या. द्वारकाबाई बसत राहिल्या. कधी मन लागायचं, कधी म्हशीच्या हंबरण्यात जायचं. कळलं नाही केव्हा, पण चहात साखर कमी पडली तर उठून आपणच घालून घेऊ लागल्या. यमूताईंकडे एकदा गेल्या त्या शेवटच्या. त्यानंतर फडताळात झाकलेली एक वाटी कायम.

आता तुम्ही म्हणाल, सून राहिली. नाही मंडळी. खोलीला शब्द दिलेला होता. निघायचा दिवस आला. त्या सकाळी नाम घेताना द्वारकाबाईंच्या डोळ्यांतून धारा. पण उठल्या नाहीत. मग पूर्ण झाल्यावर उठल्या, डोळे पुसले, फडताळातली वाटी काढली, फडक्यात घट्ट बांधली आणि शैलाच्या हातात दिली.

"आई, विरजण तिकडे मिळेल की."

"मिळेल गं. पण मागावं लागेल."

शैला पाया पडायला वाकली ती वर उठेना. "तुम्ही रागावला नाहीत?"

"रागावले असते. पण आज आधी बाजूला काढून ठेवलं होतं."

तिला हे काही कळलं नाही. घरच्या मांजरीला तर त्याहून नाही. पुढे एकदा मांजरीनं दह्याचं भांडं आणि वाटी, दोन्ही लवंडली. द्वारकाबाई फरशी पुसत होत्या. पुसता पुसता त्यांच्या ध्यानात आलं, आपण गुणगुणतोय. घरात कुणी नाही, दही सांडलंय आणि तरी आत काही सांडलं नाही. एवढ्यात दिवेलागणीच्या एसटीनं शैला आली, हातात डबा. "आई, तुमच्याच विरजणाचं दही. कसं लागलंय बघा."

द्वारकाबाई हसल्या. "अगं, दिवे लागलेत. आता दही देऊ नये."

"घराबाहेर देऊ नये, आई. मी कुठं बाहेर देतेय?"

मंडळी, यापुढे मी काय सांगू? तुम्ही आज इथं आलात, बरं वाटलं, माझंही मन भरलं. पण हे दही नव्हे हो, हे विरजण. इथंच चाटून संपवू नका. दूध तुमच्याकडे आहे, ऊबही आहे. उद्या चूल पेटायच्या आधी चमचाभर बाजूला काढा आणि बोट घालून बघू नका. शेजारीण दिवे लागल्यावर दही देत नाही; नामाचं विरजण मात्र देवळात दिवे लागले की वाटतात.

पेटीवाले दादा, सूर द्या. चला, आपापली वाटी पुढे करा. रामकृष्णहरी, रामकृष्णहरी.