सहावे घर

नाव: परवान्यावर आहे तेच, बाजारात ‘बंदूकवाल्यांची मुलगी’ म्हणतात. वय: ४६ वर्षे. धंदा: बंदूक-रिव्हॉल्व्हर दुरुस्ती. राहणार: दुकानावरचा मजला, सोबत वडील, वय ७८.

समक्ष हजर राहून जबाब देते की, मला कोणी बोलावलेले नाही. काल सरावाच्या मैदानावर बँकेच्या पहारेकऱ्याच्या रिव्हॉल्व्हरमधून शिशाची कपची उडून शेजारच्या पहारेकऱ्याच्या गालात घुसली. हत्यार निष्काळजीपणे हाताळले म्हणून पहिल्याला येथे ठाण्यात बसवून ठेवले आहे व त्याची नोकरी जाणार, असे समजले. चूक त्याची नाही, आमच्या दुकानाची आहे. म्हणून आले.

गेल्या सोमवारी सकाळी तो हेच रिव्हॉल्व्हर घेऊन आला होता. पाच गोळ्या एका जागी बसतात, एक डावीकडे भरकटते आणि हाताला चटका बसतो, अशी तक्रार होती. “पाच लेकी सख्ख्या, सहावी सवतीची,” असे तो म्हणाला. वडील हसले नाहीत. त्यांना ऐकू गेले नव्हते.

गोळ्या भरायच्या चक्राचे प्रत्येक घर नळीसमोर येऊन पक्के अडकावे लागते. केसभर तिरके राहिले तरी गोळी नळीच्या काठाला घासते, शिसे खरवडून बाजूने उडते आणि नेम चुकतो. वडिलांनी चक्र फिरवणारा झिजलेला तुकडा बदलला व तपासले. मी नळीत सळई घालून तपासते. ते कानाने तपासतात. डोळे मिटून घोडा हळूहळू मागे ओढतात. तो पूर्ण मागे जाण्याआधी चक्र अडकल्याचा खटका वाजला तर घर बरोबर. पन्नास वर्षे त्यांचा कान चुकला नाही.

दीड वर्षापासून त्यांना ऐकू कमी येते. ते कधी बोलले नाहीत, मीही विषय काढला नाही. ते जेवायला वर गेले की त्यांनी तपासलेले हत्यार मी सळईने पुन्हा पाहत असे.

सोमवारी ते विसरलेला चष्मा घ्यायला परत खाली आले. माझ्या हातात सळई होती. “किती दिवस चाललंय हे?” त्यांनी विचारले. “मी बसलोय तोवर माझ्या कामावर हात फिरवायचा नाही, बाळ.”

पाच घरे पाहून झाली होती. मी सळई ठेवून दिली.

आज तुमच्यासमोर तीच सळई घातली. पाच घरांत सरळ गेली, सहाव्यात काठावर अडली.

काम झाले की तपासणारा खूण म्हणून चापाला दोरा बांधतो. पहारेकऱ्याने सोडून ठेवलेल्या व येथे दिलेल्या दोऱ्याची गाठ कोणाची, असे विचारल्यावरून सांगते की, वडिलांची. परंतु परवाना माझ्या नावावर आहे, आणि सहावे घर राहिले हे फक्त मला माहीत होते. पहारेकऱ्याला सोडावे. हे म्हणणे मी बदलणार नाही.

वडिलांना घरी थांबा म्हटले होते. ते बाहेर बाकावर बसले आहेत.

वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. वडिलांनी आत येऊन तो पुन्हा वाचायला लावला. दोनदा, मोठ्याने. त्यांच्या सांगण्यावरून एक दुरुस्ती केली: ‘ऐकू कमी येते’ याऐवजी ‘ऐकू येत नाही’ असे वाचावे. दुरुस्तीपुढे त्यांची सही आहे.