मायच्या खोलीतली ओल

आमचं गाव सेलूजवळच, बापजाद्यापासून दुसऱ्याच्या वावरात मजुरी. माया बापानं हाडं झिजवून दोन एकर वावर घेतलं, मंग घर बांधाले काढलं, तं जोत्यात भरन कशाचं टाकलं, सांगा? मुरूम नाई, त्या वावरातली काळी माती! मिस्तरी म्हणे भाऊ, हे पानी धरून ठेवते, नोका टाकू. बाप म्हणे, जिंदगीभर लोकाइची माती तुडवली, आता आपल्या मातीवर झोपतो. आता बोला! त्याच्यावरच काँक्रीट ओतलं, अन् तवापासून पावसाळा आला का फरशीले घाम फुटते, गादी खालून ओली.

बाप गेला. मी टेम्पो चालवतो, दिवसभर बाहेर, मले त्या ओलीचं काही वाटे नाई. पन मायचे पाय गेले, बापा. बुडाखाली बोऱ्याचं फटकूर घेते अन् हात टेकत टेकत सरकत घरभर फिरते, आंगनात जाते, बायाइसंग बोलते. खाटेवर बस म्हनलं तं म्हणे, मी काय गठुडं आहो काय? मंग सारा जीव जमिनीवर, अन् जमीन ओली, छाती भरून येये तिची. डॉक्टर म्हणे, पहिले फरशी सुकी करा.

सुकी करा म्हनजे कशी, काय सांगू तुमाले! एकानं रेक्झिन टाकाले लावलं, त्याच्याखाली पानीच साचलं, असा वास सुटला का विचारू नका. जावई नागपूरले सुतारकाम करते, म्हणे मामाजी, लाकडाच्या पट्ट्या मारून वरून प्लायवूड टाकू, खालून हवा खेळन. मले पटलं. एक तुकडा दाराशी विटाइवर ठेवून पाह्यला. चार बोटं उंच, लय नाई. मायले त्याच्यावर बसवलं. ती उतरली, पन परत चढताच येईना. लय जोर लावला तिनं. मंग मायाकडे पाहून म्हणे, सुकं ठेवासाठी कोंडून ठेवून राह्यला काय रे मले? मले तं रडूच आलं.

जावयाले म्हनलं राहू दे बाबा, आता फरशीच फोडतो. पन बापाची माती काढाची, तं मायले इचारल्याबिगर कसं? ती हासली. म्हणे, तुया बाप लय हट्टी, मी तवाच सांगतलं होतं त्याले. काढ, वावरात नेऊन टाक. मंग फोडली, माती उपसली, मुरूम भरून पानी मारून चोपला, जाड प्लास्टिक पसरलं, त्याच्यावर गिट्टीचं काँक्रीट. उंची मातर होती तेवढीच ठेवली, मिस्तरीच्या डोक्यावर उभा राहून.

यंदा फरशी कोरडी आहे. छाती भरते अजून कवा कवा, वय झालं, ते काय फरशीनं जाते? काल सकाळी टेम्पो काढाले निंगालो, तं माय दाराशी आलेली. म्हनलं, हात देऊ काय माय? म्हणे बाजूले सर, वाटेत काऊन उभा आहे! अन् गेली ना आंगनात, आपली आपली. बस, अशीच रागवत राहो मायावर.