शेवटची दाढ

वर्तकनगरच्या दातांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बाप-लेक बसलेले.

"बाबा, ही एकच दाढ उरलीय. काढून टाका, कवळी नीट बसेल."

"तिच्यावर सुपारी फुटते माझी. तुझ्या कंपनीच्या त्या समुद्रातल्या गॅसचं काय झालं, राजरत्न?"

"गॅस काढायचा प्लॅन सरकारकडून परत आला. तळाचा पातळ थर न काढता सोडलेला मी. गॅसचे साठे जपायचा नियम मोडला म्हणतात."

"अरे, सोडलास म्हणजे जपलासच ना?"

"नाही. खाली राहिला तर वाया गेला. सोडायचा तर लेखी द्या म्हणे, काढणं का परवडत नाही."

"आणि बाहेर काढून जाळला की जपला? कुठल्या गाढवाचा नियम हा?"

"हळू! नोकरी जाईल माझी."

आतून नर्सबाईंनी हाक मारली, "दगडूकाका, दाढ काढायचीय ना?"

"नाही बाई. राजरत्न, कागद घे. लिही, काढणं परवडत नाही."