जशा आहात तशा या, नथ घालून

नाही, मला सांगा, एखाद्याला ‘जशा आहात तशा या’ म्हणून बोलवायचं आणि त्याच मेलच्या खाली ड्रेस कोड जोडायचा, याला काय म्हणायचं? तीनदा वाचला हो मी तो मेल. वर लिहिलेलं, प्रिय आकांक्षा, येत्या गुरुवारी आपल्या कंपनीत ‘ऑथेंटिक डे’ आहे, मुखवटे घरी ठेवा, जशा आहात तशा या. आणि खाली लिहिलेलं, महिला कर्मचारी, महाराष्ट्र: नऊवारी, नथ, शक्य असल्यास लेझीम. आता मी ओमानमध्ये, सोहारला, पाइप बनवणाऱ्या कंपनीत सेफ्टी इंजिनीअर, अकरा वर्षं अंगात निळा कव्हरऑल, पायात लोखंडी चवड्याचे बूट आणि डोक्यावर हेल्मेट घालून यार्डात फिरतेय, आणि यांना वाटतं मी आतून नथीत आहे.

मेल अंबरीनचा, आमच्या एचआर मॅनेजरचा. वाईट नाही हो ती. लखनौची आहे, गोड बोलते, इतकं गोड की नकार ऐकून माणूस थँक्यू म्हणून बाहेर येतो. मी तिला विचारलं, “अंबरीन, मी कव्हरऑलमध्ये आले तर?” तर म्हणते, “अरे आकांक्षा, वो तो तुम रोज आती हो. उस दिन असली वाली आओ ना.” असली वाली! म्हणजे मग गेली अकरा वर्षं पगार कोण घेत होतं?

आणि तुम्हाला सांगते, माझा जीव त्या साडीत नव्हताच. माझा जीव होता सेफ्टी हेडच्या जागेत. तीन वर्षं ती जागा रिकामी. काम मी करते, सही आमचे प्लांट मॅनेजर मुस्तफासाहेब करतात. इथलेच, सोहारचेच, फार सज्जन माणूस, पण इतकं हळू बोलतात की ते रागावलेत हे आपल्याला दुसऱ्या दिवशी कळतं. दर वर्षी अप्रेझलला तेच. “आकांक्षा, वर्क एक्सलंट. बट युवर व्हॉइस...” आणि मग कानाला हात लावून, “नेक्स्ट इयर, इन्शाल्ला.”

आता आवाजाचं काय करू मी? देवगडकडची मी. आमचं घर वर डोंगरावर, माणसं कामाला खाली बागेत, जेवायला हाक मारायची तर ती खालपर्यंत पोचायला नको? आजी मारायची, आई मारायची, मी मारते. यार्डातही तसंच, तिथे ग्राइंडर चालू, क्रेन चालू, कोण ऐकणार तुमचं ‘कॅन आय हॅव युवर अटेन्शन प्लीज’? सकाळी शिफ्ट सुरू व्हायच्या आधी दहा मिनिटं मी सगळ्यांना उभं करते आणि मालवणी, हिंदी, अरबी, जे हाताला लागेल त्यात सुनावते. ऐकतात. पाच वर्षांत कुणाचं बोट गेलेलं नाही आमच्याकडे. पण त्या न गेलेल्या बोटांना अप्रेझलमध्ये रकाना नसतो, आवाजाला असतो.

मग मी सुधारले. खरंच सुधारले हो. मीटिंगमध्ये हळू बोलायला शिकले, शेवटी आवाज वर न्यायचा नाही, हात टेबलाखाली ठेवायचे. डब्यात बांगडा असेल तर पँट्रीत चीज सँडविच खायचं आणि बांगडा पार्किंगमध्ये, गाडीत बसून, एसी फुल्ल करून. बाहेर पंचेचाळीस डिग्री, आत मी आणि बांगडा. एकदा घरून मीटिंग होती, माझी मुलगी मनाली ऐकत बसली होती. आठवीत आहे, मराठी जरा अडखळतच येतं तिला. मीटिंग संपली तर म्हणते, “आई, ती... ती तू नव्हती ना? ती कुणाची आई वाटत नाही.” मी हसले. मग भांडी घासताना मात्र हसू येईना. वाईट वाटलं हो मला. खरंच वाटलं.

आणि वर हे, जशा आहात तशा या.

तर गुरुवार उजाडला. मी शिवलेली नऊवारी मागवली होती, पायजम्यासारखी चढवायची, जन्मात पहिल्यांदा. हॉलमध्ये एक ट्रेनर बाई आलेली, दुबईच्या कुठल्याशा कन्सल्टन्सीकडून, मूळची कोलंबियाची. नाव चार शब्दांचं, बॅजवर दोनच मावलेले. ती स्टेजवरून दोन तास सांगत होती, स्वतःला लपवू नका, तुमचा आवाज हीच तुमची ताकद. छान बोलली, पण कशी, तर हात पाठीमागे बांधून. मला तेव्हाच संशय यायला हवा होता.

जेवायच्या सुट्टीत मी नऊवारी सावरत गाडी गाठली. नथ एका हाताने वर धरलीय, दुसऱ्या हातात बांगडा, आणि काचेवर टकटक. कोलंबियावाली! मी म्हटलं, संपलं, आता हा बांगडा स्लाइडवर जाणार. तर ती म्हणते, “आत बसू? मला आईला फोन करायचाय, आणि आईशी मी हळू बोलू शकत नाही.” बसली. आणि काय बोलली हो! दोन्ही हात सुटले, आरसा वाकडा झाला. फोन ठेवला आणि बांगड्याकडे बघून म्हणाली, “आमच्याकडे काट्यासकट तळतात.” अर्धा दिला तिला. मग सांगायला लागली. ती कुठेही गेली की लोक म्हणतात, नाचून दाखव. तिला नाचता येत नाही. ती केमिकल इंजिनीअर आहे. आणि नाच नको म्हटलं की तिचा बॉस म्हणतो, अशी तुसडी राहू नकोस, आणि मोकळी हसली की म्हणतो, क्लायंटसमोर जरा कमी. “मग कमी म्हणजे किती?” मी विचारलं. म्हणाली, “अकरा वर्षं झाली, अजून कुणी आकडा सांगितला नाही.” तिचीही अकराच. आम्ही दोघी काटे काढत राहिलो.

परत आलो तर हॉलमध्ये ‘जशा आहात तशा या’चा भलामोठा बॅनर एका बाजूने सुटलेला, आणि तो बांधायला शिडीवर, पार वरच्या पायरीवर, आमचा फिटर भिकाजी. कणकवलीचा, माझ्याच वयाचा, मुलगी यंदा बारावीला. बेल्ट नाही. शिडी खालून धरायला कोणी नाही. खाली साहेब लोक कहवा पिताहेत. आणि माझ्या तोंडातून, नथीसकट, देवगडच्या डोंगरावरून निघावी तशी हाक निघाली, “भिकाजी, मेल्या, बेल्ट खंय आसा तुझो? आदी खाली उतर!”

भिकाजी वरूनच म्हणाला, “उतरतंय गो बाय, उतरतंय.” त्याचा पाय जमिनीला लागला आणि शिडी सटकली ती सरळ हलव्याच्या टेबलावर. हलवा गेला. भिकाजी राहिला.

मुस्तफासाहेब आले. हळूच म्हणाले, “हू शाउटेड?” नऊवारीतल्या एकुलत्या एक बाईने हात वर केला. त्यांनी शिडीकडे बघितलं, भिकाजीकडे बघितलं, म्हणाले, “खलास,” आणि गेले. आता खलास म्हणजे काय, विषय की नोकरी? आठवडाभर मला जेवण गेलं नाही.

पुढच्या गुरुवारी पत्र आलं. सेफ्टी हेड, आकांक्षा. मी केबिनमध्ये बसून रडले, सांगते ना, लपवायचं काय त्यात. मग डोळे पुसून पान उलटलं. पदाची अट: सहा आठवड्यांचा सौम्य संभाषण कोर्स, दर मंगळवारी, मस्कतला, गैरहजेरी चालणार नाही. खाली अंबरीनने हाताने हसरा चेहरा काढलेला.

गेले मंगळवारी. दोनशे किलोमीटर गाडी हाकत गेले, हळू बोलायला शिकायला. दार उघडलं, आत बारा खुर्च्या, आणि खिडकीजवळच्या खुर्चीत, हात मांडीखाली दाबून, कोण बसलंय? कोलंबियावाली. तिच्या कंपनीने पाठवलेली.

तिने माझ्याकडे बघितलं. मी तिच्याकडे बघितलं. दोघी अगदी हळू आवाजात, कोर्समध्ये बसेल इतक्याच हळू, गुड मॉर्निंग म्हणालो. मग मी शेजारी बसले आणि पिशवी उघडून तिला आतला डबा दाखवला. आता मंगळवारी दोन बांगडे नेते.