दांड्याची सायकल

आमच्या आईच्या सायकलचं तुम्हाला सांगितलं नाही ना? “मले सायकल येते,” हे ती आम्हाला लहानपणापासून ऐकवायची, पण चालवताना तिला कोणी पाहिलं नव्हतं. म्हणून बेसाला फ्लॅट घेतल्यावर मी तिच्यासाठी छान बुटकी लेडीज सायकल आणली. आईनं सायकलभोवती फिरून पाहिलं.

“बाबू, हिले दांडा काहून नाही?”

“लेडीज सायकलले नसते, आई.”

“मंग मी चालवू कशी?”

ती तडक वॉचमनकडे गेली आणि त्याची काळी, उंच सायकल मागून आणली. ओढणी कमरेला बांधली, दांड्याखालून पाय घातला आणि साठी उलटलेली आमची आई शाळेतल्या पोरीसारखी कैची मारत पार्किंगमधून सुटली. तिरपी, अर्धी वाकलेली, पण चेहरा असा खुललेला की मी फोटो काढायचंही विसरलो.

वॉचमन मागून धावून राहिला होता. “काकू, सीटवर बसा ना.”

आई त्याच्याजवळ येऊन थांबली, धापा टाकत.

“बाबांच्या सायकलवर शिकली मी. सीटवरून पाय पुरायले लागले, तवर लग्न लावून देलं माझं,” ती म्हणाली आणि घंटी वाजवत दुसऱ्या चकरेला निघाली.