नेहमीची चिमूट

आई : ...चिमूटभरच दिली गं. तुझ्या बाबांच्या छातीसाठी रोज देते तेवढीच.

लेक : कसली चिमूट, आई? ती औषधाची मुळी तर संपली म्हणाली होतीस.

आई : संपलीच. डोंगर पालथा घातला तरी आता मिळत नाही. म्हणून तुझ्या कुपीतली पांढरी पूड दिली, दुधातून.

लेक : ती दिलीस?

आई : तूच म्हणालीस ना, "आई, ही तुझीच मुळी, फक्त आमच्या प्रयोगशाळेतून न्हाऊन आलेली."

लेक : अगं, तुला दाखवायला आणली होती. पोतंभर मुळ्यांचा अर्क आहे तो. त्यातला कणसुद्धा तोलून घ्यावा लागतो. तू चिमूट दिलीस.

बाबा : भांडू नका गं. मला सगळं पिवळं दिसतंय. तुझी आईसुद्धा. बरी दिसतेय तशी.

लेक : बाबा, बोलू नका. पडून राहा. अजून मळमळतंय?

बाबा : मघाशी ओकलो. हिचं औषध कधी बाधलं नव्हतं मला.

लेक : (फोनवर) हो, मघाशी मीच दवाखान्याची गाडी मागवली. गोळ्या नाहीत हो, झाडाचा शुद्ध अर्क, हृदयावर चालणारा. डॉक्टरांना सांगा, उतारा हाताशी ठेवा. लवकर या, पाया पडते तुमच्या.

आई : मीठपाणी पाजू का?

लेक : काही पाजू नकोस.

आई : मग करू काय? जन्मभर लोकांच्या दारी औषध घेऊन धावले, आणि माझ्याच घरात हातावर हात ठेवून बसू?

लेक : कुलपात ठेवायची वस्तू मी फडताळात ठेवली. तुझ्या डब्यांशेजारी. तू येता-जाता बघावीस म्हणून. कौतुक हवं होतं मला.

आई : होतंच की कौतुक. माझ्या मुळीपेक्षा लेकीची पूड गुणाची असणार, असंच वाटलं मला. जास्त देऊ का, असंही मनात आलं होतं.

लेक : नाडी बघ त्यांची. माझ्या हाताला काही लागत नाही.

आई : आण त्यांचा हात इकडे. ...ठोका येतो, मग दडून बसतो. परत येतो.

लेक : बाबा, डोळे उघडा. माझ्याकडे बघा ना.

आई : हलवू नकोस त्यांना.

लेक : आता?

आई : आला.

लेक : आता?

आई : थांब. वाट बघतेय.